भोक न पाडता

सासूबाईंनी अट घातली तेव्हा घरातले सगळे हजर होते, त्यामुळे ती मागे घ्यायची सोय कुणालाच उरली नाही. अट साधी होती. सासऱ्यांच्या बोटीला साउंडर बसवायचा, म्हणजे पाण्याची खोली सांगणारं यंत्र. तो बसला तर बोट राहील. नाही बसला तर पोस्टमास्तर ती कधीपासून मागताहेतच, त्यांना देऊन टाकायची.

"खाडीच्या तोंडाशी वाळू दरवर्षी जागा बदलते," सासूबाई म्हणाल्या. "एखाद दिवशी रुतून बसाल आणि भरतीची वाट बघाल. या वयात असले उद्योग हवेत कशाला?"

"बसवा की," सासरे चहाचा कप खाली ठेवत म्हणाले. "मी कुठं नाही म्हणतोय?"

इथे मी तोंड उघडलं. मी लिफ्ट दुरुस्त करतो. कुठल्याही यंत्राचा विषय निघाला की घरचे माझ्याकडे बघतात, आणि खरं सांगायचं तर मलाही तेवढंच हवं असतं. मी समजावून सांगितलं की साउंडरला एक सेन्सर असतो, तो खाली आवाज सोडतो, आवाज तळाला आपटून परत येतो आणि त्याला लागलेल्या वेळावरून यंत्र खोली काढतं. सेन्सर पाण्यात असावा लागतो. तेव्हा बोटीच्या बुडाला भोक पाडावं लागेल. मागच्या फळीवरही बसवता येतो, पण तिथेही स्क्रूची भोकं आलीच.

सासऱ्यांनी मान वळवली. "बोट तरंगते कशामुळे, जावईबापू?"

"कशामुळे?"

"तिच्या बुडाला भोक नसतं, त्यामुळे."

सासरे उठून बाहेर गेले. जाताना एवढंच म्हणाले की माझ्या जिवात जीव आहे तोवर या बोटीला कुणी गिरमिट लावणार नाही. मला वाटलं, आता सासूबाईंचा पारा चढणार. पण त्या शांत होत्या. "मग काय, विकायलाच लागेल," असं म्हणून त्यांनी कप गोळा केले. माझी बायको मात्र माझ्यावर डोळे वटारून बसली होती. आग लावायची आणि मग बाजूला उभं राहायचं, असं तिचं माझ्याबद्दलचं जुनं मत आहे.

बोट म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हतं. फायबरचं कवच, दोन बाकं, मागे लहानसं इंजिन. सासऱ्यांनी सगळी नोकरी नकाशे काढण्याच्या कचेरीत केली. निवृत्त झाल्यावर त्यांनी नुसतं कवच आणलं आणि बाकं, कडा, रंग, सगळं स्वतःच्या हातांनी केलं. रोज सकाळी ते एकटेच खाडीत जात आणि जेवायच्या वेळेला परत येत. मासे कधी मिळत, बहुतेक वेळा मिळत नसत. उरलेला दिवस ते खुर्चीत बसून उद्याची सकाळ होण्याची वाट बघत. बोट गेली तर त्या माणसाकडे वाट बघण्यासारखं काही राहणार नव्हतं. हे माझ्या बायकोला दिसत होतं, मला दिसत होतं, आणि सासूबाईंना कसं दिसत नाही याचा मला राग येत होता.

माझ्या रागाबद्दल थोडं सांगायला हवं. लिफ्ट यायला उशीर झाला की माणसं बटण चार-चार वेळा दाबतात. पहिल्या दाबण्याने जे झालं त्यात चौथ्या दाबण्याने काही भर पडत नाही, हे त्यांना जन्मात कुणी सांगितलेलं नसतं. माणसांबद्दलचं माझं मत अशा गोष्टींवरून बनलेलं आहे. म्हणून घरात भांडण लागलं की मी दोन्ही बाजू ऐकत बसत नाही. बिघाड शोधतो आणि काढून टाकतो.

इथला बिघाड म्हणजे ते भोक. बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो आणि तिथल्या बाईंना विचारलं, भोक न पाडता काही जमेल का. त्या म्हणाल्या, "बूड सलग फायबरचं असेल तर सेन्सर आतूनच चिकटवा. आवाज फायबरमधून आरपार जातो. मध्ये हवा नको, फोम नको, लाकूड नको. आधी चाचणी घ्या, मग चिकटवा."

मी यंत्र घेऊन सासरी आलो आणि जेवणाच्या टेबलावर ही बातमी दिली. सासऱ्यांचा चेहरा असा उजळला की मला संकोच वाटला. सासूबाई काकडी चिरत होत्या. त्यांचा हात थांबला.

"भोक लागतच नाही?"

"एकही नाही."

"खात्री आहे तुमची?"

"आई, यंत्राबद्दल मी खात्रीशिवाय बोलत नाही."

"नाही बोलत, खरंय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा काकडी चिरायला लागल्या. मी हे कौतुक समजलो.

चाचणी सोपी होती. बोट धक्क्याला बांधलेली असताना प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून ती बोटीच्या आत, बुडावर ठेवायची आणि सेन्सर त्या पिशवीत उभा धरायचा. मधल्या बाकाखाली काहीच आकडा आला नाही, म्हणजे तिथे बुडात फोम होता. मागे इंजिनाजवळ धरला तर आकडा आला. मी दोरीला वजन बांधून खाली सोडलं आणि दोरी मोजली. दोन्ही जुळलं. सासरे पुढे वाकून विचारत होते, "आला का? किती आला?" मी आकडा सांगितला की ते मान डोलवत, जणू तो त्यांनीच पाण्याला शिकवला होता.

मग बोट गाडीवर चढवून अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आणली. आतला रंग खरवडून, घासून फायबर उघडं केलं. ते स्पिरिटने पुसलं. बूड उतरतं होतं, म्हणून प्लास्टिकच्या नळीचा एक तुकडा त्या उताराच्या मापाने तिरका कापला, म्हणजे त्यात सेन्सर सरळ खाली तोंड करून बसेल. नळीत चिकटवायची राळ ओतायची आणि सेन्सर दाबत, हलकेच फिरवत आत उतरवायचा, म्हणजे हवेचा बुडबुडा निघून जातो. एक बुडबुडा राहिला तरी यंत्र बहिरं होतं.

राळ कालवण्याचं काम सासऱ्यांनी मागून घेतलं. आयुष्यभर शाई कालवलेला माणूस, म्हणून मीही दिलं. राळ आणि तिला घट्ट करणारं औषध, दोन्हीच्या खुणा पेल्यावर होत्या. थोड्याच वेळात पेल्यातून धूर यायला लागला, पेला तापून वाकडा झाला आणि ते मिश्रण दगडासारखं घट्ट झालं. औषध दुपटीहून जास्त पडलं होतं.

"खुणा पुसट आहेत या पेल्यावर," सासरे म्हणाले.

खुणा ठसठशीत काळ्या होत्या. मी मनात म्हटलं, वय झालं की माणूस आपली चूक पेल्यावर ढकलतो. दुसरा पेला घेऊन मीच राळ कालवली आणि त्यांना पाना धरून उभं राहायला सांगितलं. त्याची काही गरज नव्हती. ते तसे बराच वेळ उभे राहिले.

सेन्सर छान बसला. वायर कडेकडेने नेऊन, फ्यूज घालून बॅटरीला जोडली आणि आकडे दाखवणारा पडदा इंजिनाच्या हँडलच्या शेजारी लावला. "आकडे मोठे करता येतात का?" सासऱ्यांनी विचारलं. मी सगळ्यांत मोठे केले. शिवाय उथळ पाणी आलं की यंत्र शिट्टी मारेल अशी व्यवस्था केली. सासऱ्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे पहिल्यांदाच घडत होतं. मला आनंद झाला, तो लपवायला मी हत्यारं पुसत बसलो.

पाण्यातल्या पहिल्या फेरीच्या दिवशी सासूबाई धक्क्यावर उभ्या राहिल्या. बायको कामावर गेली होती. सासरे इंजिनाशी बसले आणि मी त्यांच्या समोर, पुढे पाठ करून, पडद्याकडे तोंड करून. यंत्र दृष्ट लागण्यासारखं चाललं. खोली वाढली की आकडा वाढायचा, वाळू जवळ आली की कमी व्हायचा, आणि मी ठरवलेल्या जागी बरोब्बर शिट्टी वाजली. मध्येच माझ्या पाठीमागून कुणीतरी जोरात ओरडलं. सासऱ्यांनी हँडल झटकन वळवलं, बोट कलली, आणि पडद्यावरचा आकडा एकदम खाली येऊन पुन्हा वर गेला. वळणातसुद्धा आकडा तुटला नाही, हे माझ्या लक्षात आलं. माझं सगळं लक्ष तेवढ्यावरच होतं.

धक्क्याला लागल्यावर मी सासूबाईंना म्हणालो, "झालं, आई. आता वाळूची भीती नको."

"हो," त्या म्हणाल्या. "घरी आलात की जरा स्वयंपाकघरात या."

मी गेलो. सासरे बाहेरच्या खोलीत पोस्टमास्तरांना फोन करून बोट आता विकायची नाही असं मोठ्या आवाजात सांगत होते. सासूबाईंनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"ती वल्ह्याची होडी बघितलीत तुम्ही?"

"कुठली? कुणीतरी ओरडलं खरं. अंगावरच येत होता वाटतं आमच्या."

"तो नाही, तुम्ही त्याच्या अंगावर गेलात. तो जागचा हललाही नव्हता. त्याच्यापुढे एक लहान पोरगी बसली होती. मी धक्क्यावरून सगळं बघत होते."

मी स्टूल ओढून बसलो.

"ह्यांच्या डोळ्यांच्या मधोमध काळं झालंय," सासूबाई म्हणाल्या. "कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. मी समोर बसले की त्यांना माझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, यावर ऑपरेशन नाही, हे असंच वाढत जाणार. परत येताना त्यांनी मला बजावलं, हा विषय पोरांपुढे काढायचा नाही, आणि माझ्यापुढेही काढायचा नाही. मी नाही काढला."

"मग बोट बंद करा म्हणून सांगायचं."

"काय कारण सांगू? उरलंय एकच कारण, आणि ते बोलायला बंदी." त्यांनी ओट्यावरचं फडकं उचललं, घडी केली, परत ठेवलं. "मला वाटलं, यंत्राचं काढावं. बुडाला भोक म्हटलं की ते जन्मात हो म्हणणार नाहीत. भोकावरून भांडतील, चार दिवस अबोला धरतील, आणि बोट जाईल. डोळ्यांचं नाव निघणार नाही. हरायचंच असेल तर माणसाला हरायला एखादी बरी जागा तरी द्यावी. ती मी दिली होती. तुम्ही तीच बुजवलीत."

मला लाज वाटली. यंत्र बिघडलं म्हणून मला पूर्वी लाज वाटली आहे, पण यंत्र उत्तम चाललं म्हणून वाटण्याची ही पहिलीच वेळ.

"आता तुम्हीच निस्तरा," त्या म्हणाल्या. "सांगा त्यांना, चिकटवलेलं टिकणार नाही. भोक पाडावंच लागेल."

"पण ते उत्तम चाललंय, आई."

"तेच तर."

चालू लिफ्टवर 'बंद आहे' अशी पाटी लावून घरी झोपायला जाणारे कारागीर मी पाहिले आहेत. त्यांच्याशी मी बोलत नाही. तरीसुद्धा दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेलो. सासऱ्यांनी बोट वर काढायला लावली होती आणि ते बाहेरून तिचं बूड धूत होते.

"बाबा, एक अडचण आहे," मी म्हणालो. "चिकटवलेलं टिकत नाही. मी कालचे आकडे पुन्हा तपासले. भोक पाडल्याशिवाय गत्यंतर नाही."

त्यांनी पाण्याची नळी बंद केली. ओला हात बुडावरून पुढून मागे फिरवला, मग मागून पुढे. मी त्यांच्या संतापाची वाट बघत होतो. तो आला असता तर माझं काम झालं असतं.

"दुसरा काही उपाय?"

"नाही."

"कुठे पाडावं लागेल?"

मी जागा सांगितली. इंजिनापासून हातभर पुढे, मधल्या रेषेच्या उजव्या अंगाला. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, खाली वाकले आणि मान तिरपी केली, इतकी तिरपी की त्यांचा गाल बोटीला टेकला. बोटांनी जागा चाचपली आणि तिथे फुली मारली. सगळी नोकरी नकाशे काढण्यात घालवलेला माणूस. फुलीच्या दोन रेघा एकमेकींना भेटल्या नव्हत्या.

"पाडा," ते म्हणाले.

ड्रिल माझ्या गाडीत होतं. मी गाडीपर्यंत गेलो, मागचं दार उघडलं, ड्रिल हातात घेतलं, आणि तिथेच उभा राहिलो. सासूबाई त्यांच्याबरोबर सगळा जन्म राहिल्या आणि तरी हे त्यांना कळलं नव्हतं. भोकाला ते हो म्हणतील, असं आम्हा दोघांपैकी कुणालाच वाटलं नव्हतं. बोट हवी म्हणून हा माणूस बोटीच्या बुडालाही भोक पाडून घेईल. मग डोळ्यांची काय कथा; कुठल्याही बहाण्याने तो थांबणार नव्हता. ड्रिल परत ठेवून मी शेडमध्ये आलो.

"बाबा, भोक नको. यंत्र ठीक आहे."

"मग आत्ता काय म्हणालात?"

"खोटं बोललो. आईंनी मला सगळं सांगितलंय."

ते उपड्या घातलेल्या खोक्यावर बसले. मग हात लांबवून त्यांनी अंगठ्याने फुली पुसली. एक रेघ पुसली गेली, दुसरी राहिली.

"कालच्या त्या होडीत कोण होतं?"

"एक माणूस होता. आणि एक लहान मुलगी."

"मुलगी," ते म्हणाले. "मला आवाज आला होता. वाटलं, पक्षी आहे."

शेडबाहेर कुणीतरी सायकलवरून गेलं. सासरे पेन्सिल दोन बोटांत फिरवत राहिले. ते काय म्हणतील याचा मला अंदाज नव्हता, आणि त्या क्षणी त्यांनी बोट ठेवायचीच म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, हेही मला ठाऊक नाही.

"मी भोकाला हो म्हणेन असं तुमच्या सासूला वाटलं नव्हतं, नाही?"

"नव्हतं."

"मलाही नव्हतं वाटलं." ते गुडघ्यांवर हात ठेवून उठले. "पोस्टमास्तरांना बोलावून घ्या. म्हणावं, म्हाताऱ्याचा विचार बदलला. का बदलला ते माझं मी सांगेन. तुम्ही फक्त हो ला हो म्हणायचं."

पोस्टमास्तर रविवारी आले. अंगणात आम्ही सगळे होतो, माझी बायकोसुद्धा. सासऱ्यांनी बोटीच्या कडेला हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आमचे जावई हट्टालाच पेटले. भोक पाडतोच म्हणाले. ड्रिल घेऊन आले होते हो. मी म्हटलं, या बोटीला भोक पडलेलं मी बघणार नाही. त्यापेक्षा धड आहे तोवर चांगल्या घरी जाऊ दे."

पोस्टमास्तरांनी माझ्याकडे खाटकाकडे बघावं तसं बघितलं. मग त्यांना पडदा दिसला. "पण साउंडर तर बसवलेला दिसतोय?"

"आतून चिकटवलाय," मी म्हणालो. "नीट चालत नाही. आकडे चुकतात."

पहिल्याच फेरीत त्यांना कळणार होतं की तो उत्तम चालतो. मग या लिफ्टवाल्याला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, असं ते टपालाबरोबर घरोघरी पोचवणार होते.

"मी तरी किती सांगितलं यांना," सासूबाई म्हणाल्या. "ऐकतील तर शपथ." त्यांच्या आवाजातला राग इतका बेमालूम होता की क्षणभर मलाही खरा वाटला. सासरे त्यांच्या बाजूला तोंड करून ऐकत होते. पोस्टमास्तरांची गाडी बोट घेऊन फाटकातून बाहेर पडली, तेव्हा रस्त्याकडे न बघता घरात गेले ते फक्त सासरे.

आमच्या घरी परतल्यावर बायकोने पर्स खुर्चीवर टाकली.

"बाबांकडे तेवढी एकच गोष्ट होती," ती म्हणाली. "चिकटवून चालतं असं तूच म्हणाला होतास ना?"

"म्हणालो होतो."

"मग भोक पाडल्याशिवाय चैन पडत नव्हतं का तुला?"

"चुकलं माझं," मी म्हणालो.

एरवी मी अशा वेळी अर्धा तास कारणं देतो, म्हणून ती थोडी थांबली. मी काही देत नाही असं पाहून ती आतल्या खोलीत गेली आणि तिने वडिलांना फोन लावला, त्यांची समजूत काढायला. पलीकडून ते काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही. हिचंच ऐकू आलं. "नाही बाबा, मी नाही त्याची बाजू घेत," ती म्हणत होती. "तुम्ही का घेताय?"